गाठ काढण्याआधी की नंतर?

आम्ही पेण आणि रोहा तालुक्यांतल्या महिला बचत गटांचं काम बघणाऱ्या जणी. एरवी आम्ही तुमच्याशी हप्त्याबद्दल, पापडाच्या ऑर्डरबद्दल, बँकेच्या कागदांबद्दल बोलतो. आज कॅन्सरबद्दल बोलायचं आहे, त्यातही वेळेबद्दल. कुठला उपचार आधी आणि कुठला नंतर, एवढीच गोष्ट आहे. पण तेवढ्यावरून आजार पसरतो की आटोक्यात राहतो हे पुष्कळदा ठरतं.

बैठकीत पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या की खऱ्या गप्पा सुरू होतात. त्या गप्पांत एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. खारेपाटातल्या गावात ऐकलं, रोह्याच्या डोंगरातल्या वाडीवर ऐकलं, पेण शहरातल्या शिकल्यासवरल्या घरातही ऐकलं. “सुरी लागली की कॅन्सर पसरतो.” लगेच कुणीतरी उदाहरण देतं. अमकीची आत्या, तमकीचा दीर. चांगला हिंडताफिरता माणूस, ऑपरेशन केलं आणि सहा महिन्यांत गेला. मग ज्या बाईला डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला सांगितलेलं असतं, ती गप्प बसून ऐकते आणि जातच नाही.

हे अडाणीपणाचं बोलणं आहे असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण त्या वाक्यामागे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं मरण असतं. म्हणून आम्ही ठरवलं, याची नीट चौकशी करायची. डॉक्टरांना विचारलं, गटातल्या शिकणाऱ्या मुलींना बसवून वाचायला लावलं. त्यातून जे कळलं ते सांगतो.

पसरणं म्हणजे काय ते आधी बघू. गाठीतल्या काही पेशी सुटतात आणि रक्तातून किंवा लसिकेतून दुसरीकडे जाऊन बसतात. फुप्फुसात, यकृतात, हाडांत. ही गळती ऑपरेशनच्या दिवशी सुरू होत नाही. गाठ अंगात असते तेव्हापासूनच थोडीथोडी चालू असते. सुटलेल्या पेशी बहुतेक मरतात, एखादी तग धरते. ती इतकी बारीक असते की फोटोत, स्कॅनमध्ये दिसत नाही. जो माणूस ऑपरेशननंतर सहा महिन्यांत गेला, त्याच्या अंगात आजार बहुतेक वेळा सुरी लागायच्या आधीच दुसरीकडे पोचलेला असतो. दोष मात्र सुरीला येतो, कारण ती सगळ्यांना दिसलेली असते.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं पहिल्यांदा बोलावं लागतं. कारण मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. पुरुषांच्या गुटख्यावर सगळे भाषण करतात, पण मशेरीला आपण दात घासणं म्हणतो, व्यसनात धरतच नाही. काही जणी दिवसातून चारचार वेळा ‘दात घासतात’. मशेरी हिरडीच्या आणि गालाच्या फटीत बसून राहते, आणि तंबाखूचा कॅन्सर आपल्याकडे नेमका तिथेच जास्त दिसतो. तिथून तो पहिल्यांदा कुठे जातो? गळ्यातल्या गाठींत.

इथे एक फार चांगला अभ्यास आपल्याच मुंबईत झाला. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला आणि तो २०१५ साली छापून आला. तोंडाचा कॅन्सर लहान आहे, गळ्यात हाताला काही लागत नाही, अशा रुग्णांचं काय करायचं हा प्रश्न होता. तोंडातली गाठ काढतानाच गळ्यातल्या गाठी काढून टाकायच्या, की वाट बघायची आणि पुढे सुजल्या तर काढायच्या? दोन्ही बाजूंचे डॉक्टर आपापल्या मताला चिकटून होते. सुमारे ५०० रुग्णांचे दोन गट करून बघितलं. तीन वर्षांनी, आधीच गाठी काढलेल्यांत १०० पैकी ८० जण हयात होते. वाट बघितलेल्यांत साधारण ६७. ऑपरेशन बहुतेक तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो केव्हा केलं याचा. ज्यांच्यावर सुरी जास्त चालली, ती माणसं जास्त जगली. “सुरी लागली की पसरतो” म्हणणाऱ्या काकूंना आम्ही आता हेच सांगतो.

मग ऑपरेशनच्या वेळी काहीच होत नाही का? होतं, आणि ते लपवायचं कारण नाही. गाठ हाताळली जाते तेव्हा काही पेशींना हलायला वाव मिळू शकतो, ही शंका डॉक्टरांनाही होती. टाटाचेच डॉ. राजेंद्र बडवे यांनी त्यावर स्तनाच्या कॅन्सरमध्ये अभ्यास केला. देशातल्या ११ कॅन्सर केंद्रांतल्या सुमारे १६०० बायका त्यात होत्या. अर्ध्या जणींना ऑपरेशन सुरू व्हायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. लिग्नोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला देतात तेच, स्वस्तातलं. पाच वर्षांनी इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९०.१ टक्के बायका हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी ८६.४ टक्के. १०० मागे तीन-चार जणी. आकडा लहान वाटेल, पण आपल्या गटात दहा-बारा जणी असतात. असे आठ-नऊ गट डोळ्यांसमोर आणा आणि त्यांतल्या तीन-चार जणी मोजा. हेच इंजेक्शन गाठ काढून झाल्यावर दिलं असतं तर ज्या पेशी हलायच्या त्या हलून गेल्या असत्या. हा अभ्यास स्तनाच्या कॅन्सरचा आहे, तोंडाचा नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता इम्युनोथेरपीकडे येतो. हा शब्द हल्ली मोबाईलवर सारखा येतो आणि खेड्यापाड्यातली माणसं आम्हाला विचारतात, “ते नवीन इंजेक्शन मिळतं का हो?” केमोचं औषध कॅन्सरच्या पेशीला थेट मारतं आणि सोबत केस, तोंडाची साल, रक्ताच्या पेशी यांनाही मारतं. इम्युनोथेरपी तसं करत नाही. आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. परक्या जंतूला ओळखून मारणं हे त्यांचं काम. त्यांनी घरच्याच माणसांवर हात उचलू नये म्हणून शरीराने त्यांना एक ब्रेक दिलेला असतो. कॅन्सरची पेशी लबाड, ती तोच ब्रेक दाबून धरते. राखणदार समोर उभा असतो, पण हात बांधलेला. औषध तो ब्रेक सोडवतं. हा ब्रेक शोधल्याबद्दल अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

सुरुवातीला हे औषध ऑपरेशनच्या नंतर देत. गाठ काढली, आता उरलंसुरलं औषध बघून घेईल, असा विचार. ऐकायला बरोबर वाटतं. आपणही आधी घर झाडतो आणि मग पुसतो. पण राखणदार पेशींचं गणित वेगळं आहे. त्यांना मारायचं कुणाला हे शिकावं लागतं, आणि ते शिकायला समोर चोर लागतो. गाठ अंगात असताना औषध दिलं तर राखणदारांना पुरा नमुना बघायला मिळतो. जवळच्या लसिका गाठींत त्यांची शिकवणी होते, त्यांची संख्या वाढते, आणि शिकून तयार झालेले राखणदार रक्तातून अंगभर फिरतात. दूर जाऊन लपलेली एखाददुसरी पेशी त्यांना ओळखू येते. गाठ आणि शेजारच्या लसिका गाठी दोन्ही आधीच काढून टाकल्या, तर चोर गेला आणि शाळाही गेली. मग ब्रेक सोडून उपयोग थोडा.

हे आधी उंदरांवर दिसलं. माणसांवरचा सगळ्यात स्वच्छ अभ्यास अमेरिकेत झाला, डॉ. सपना पटेल यांनी तो मांडला आणि २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. आजार होता मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा एक वाईट कॅन्सर, जो आपल्याकडे कमी दिसतो. ३१३ रुग्ण होते. सगळ्यांना औषध एकच, पेम्ब्रोलिझुमॅब. डोस सगळ्यांना १८च ठरवलेले. एका गटाला १८ च्या १८ ऑपरेशननंतर. दुसऱ्या गटाला तीन आधी आणि पंधरा नंतर. एक थेंबही कुणाला जास्त नाही. दोन वर्षांनी, सगळं नंतर मिळालेल्यांत १०० पैकी ४९ जणांचा आजार आटोक्यात होता. तीन डोस आधी मिळालेल्यांत ७२ जणांचा. आम्ही हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा तीनदा वाचला. नुसत्या क्रमाने एवढा फरक पडतो?

कातडीच्या कॅन्सरचं आपल्याला काय, असं म्हणाल. तर २०२५ साली तोंड आणि घशाच्या कॅन्सरचा निकाल आला. ७१४ रुग्ण, आजार वाढलेला पण ऑपरेशनने काढता येण्याजोगा. अर्ध्यांना नेहमीचा उपचार, म्हणजे ऑपरेशन आणि नंतर किरणोपचार, गरज असेल तर केमो. उरलेल्यांना त्याच्या जोडीला हेच औषध, ऑपरेशनच्या आधी दोन डोस आणि नंतर पुढचे. तीन वर्षांनी आजार न वाढता, न उलटता हयात असणारे नेहमीच्या उपचारात ४६ टक्के, औषधाच्या गटात जवळपास ५८ टक्के. आणि जो फायदा दिसला तो मुख्यतः दूरच्या अवयवांत आजार कमी गेल्याचा. आधी डोस देत बसलो तर गाठ वाढेल आणि ऑपरेशन हुकेल, ही भीती होती. तसं झालं नाही. दोन्ही गटांत सारख्याच, म्हणजे १०० पैकी ८८ च्या आसपास रुग्णांचं ऑपरेशन पार पडलं.

इथे थोडं थांबून ऐका, कारण ही गोष्ट गावात पोचेपर्यंत उलटी व्हायची शक्यता फार. “ऑपरेशनआधी औषध घेतलेलं चांगलं” याचा अर्थ “ऑपरेशन पुढे ढकललेलं चांगलं” असा कुणी घेऊ नका. ते दोन डोस तीन आठवड्यांच्या अंतराने, कॅन्सरच्या डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेले असतात आणि ऑपरेशनचा दिवस समोर धरलेला असतो. काढा पिऊन बघू, जडीबुटी बघू, अंगात येणाऱ्याला विचारू, हे ‘आधी’ त्यात बसत नाही. ऑपरेशनला चार आठवडे उशीर झाला की मरणाचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असं २०२० साली बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून दाखवलेलं आहे. खारेपाटातल्या बायांना हे वेगळं समजवावं लागत नाही. बांधाला खांड पडली की उधाणाच्या आधी बुजवायची असते. उधाण येऊन गेल्यावर तीच माती, तेवढीच माणसं लावली तरी शेतात खारं पाणी शिरलेलं असतं.

शिवाय हे औषध सगळ्यांचं नाही. तोंडातला व्रण लहान असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशनच पुरतं. काहींच्या गाठीवर हे औषध चालतच नाही. आणि ब्रेक सुटलेले राखणदार कधीकधी घरच्यांवरही हात टाकतात. थायरॉईड बिघडतं, जुलाब लागतात, अंगावर पुरळ येतं, क्वचित फुप्फुसाला सूज येते. दम लागला तर ‘इंजेक्शनची गरमी’ म्हणून घरी बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

वेळेवरून मोबाईलवर आणखी एक गोष्ट फिरली होती. स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली स्तनाच्या कॅन्सरच्या ३० बायकांचं रक्त पहाटे चार वाजता आणि सकाळी दहा वाजता तपासलं. गाठीतून सुटलेल्या पेशींपैकी बहुतेक पहाटेच्या, झोपेतल्या रक्तात सापडल्या. अभ्यास खरा. पण रोह्याकडच्या एका बाईने तो मेसेज वाचून रात्रीचं झोपणंच टाकलं होतं! शास्त्रज्ञांचं म्हणणं एवढंच, की तपासणीचं रक्त किती वाजता घेतलं आणि औषध किती वाजता दिलं याचा विचार व्हावा. इम्युनोथेरपी सकाळी दिलेली बरी की दुपारी, यावरही अभ्यास चालू आहेत. झोप मात्र सगळ्यांनी पुरेशी घ्यावी, आजाऱ्याने तर नक्कीच.

आता पैसे. हे औषध फार महाग आहे, पुऱ्या मात्रेचा खर्च आपल्यातल्या कुठल्याच घराला झेपणारा नाही. इथेही टाटाच्या डॉक्टरांनी वाट काढायचा प्रयत्न केला. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यामानेच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर, ज्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेला होता, निव्होलुमॅब हे औषध अगदी कमी मात्रेत वापरलं. दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षाने १६ टक्के रुग्ण हयात होते, गोळ्यांसोबत हे थोडंसं औषध मिळालेल्यांत ४३ टक्के. लक्षात घ्या, हा शेवटच्या टप्प्यावरच्या रुग्णांचा अभ्यास आहे. पण गरिबाला परवडेल अशा मात्रेचा विचार आपल्याकडच्या डॉक्टरांनी केला, याचं आम्हाला अप्रूप वाटतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या आजाराचं नेमकं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. शेजारणीच्या सांगण्यावर जाऊ नका, मग ते हो असो की नाही.

डॉक्टरांनी आधी-नंतरचा एवढा बारीक हिशेब केला. आमचा हिशेब त्याच्या फार अलीकडे अडतो. पेणमध्ये जानेवारीपासून कारखान्यांत गणपतीच्या कामाला जोर येतो. रंगकामाला बसलेली बाई म्हणते, गणपती गेले की दाखवीन. रोह्याकडे लावणी आली की लावणी झाल्यावर, मग कापणी झाल्यावर. कातकरी वाडीवरचं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं ते पावसाळ्याच्या तोंडाला परत येतं. तोंडातला व्रण यातलं काही बघत नाही. आमच्या एका गटातल्या बाईला गालात पांढरा चट्टा होता. तिने तो गौरीच्या आधी आम्हाला दाखवला. तिच्या घरी पाहुणे, सून बाळंत, मोठा दीर म्हणाला, “एवढं काय अडलंय?” ती टाटाला पोचली तेव्हा होळी होऊन गेली होती. गळ्यातल्या गाठी हाताला लागत होत्या. आज ती आहे, जेवण पातळ करून खाते, बैठकीला येते आणि कुणी मशेरीची डबी काढली की पहिली तीच ओरडते.

तिच्या वेळेला आम्हाला आणखी एक अडचण कळली. बैठक महिन्याच्या १० तारखेला. तिला पैसे हवे होते १३ ला. कर्ज मंजूर करायला बैठक लागते, म्हणून पुढच्या १० तारखेपर्यंत थांबणं आलं. त्यानंतर आम्ही काही गटांत ठराव करून घेतला. गाठीचा किंवा व्रणाचा तुकडा तपासायला सांगितला असेल, तर ठरवून दिलेल्या रकमेपर्यंत कर्ज अध्यक्ष आणि सचिव यांच्या सहीने त्याच दिवशी द्यायचं आणि पुढच्या बैठकीत ते वहीवर चढवायचं. पहिले तीन महिने फक्त व्याज. काही गटांत यावर भांडणं झाली. “आजारी माणूस फेडणार कुठून?” हा प्रश्न खोटा नाही. जिथे ठराव झाला तिथे घरातल्या दुसऱ्या एका माणसाची हमी घ्यायचं ठरलं. तुमच्या गटात यावर बोलणं झालं नसेल तर येत्या बैठकीत काढा.

तपासणीला परळ गाठायची गरज नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचं तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं तोंड तपासण्याची सोय सरकारने गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ठेवली आहे. आशाताईंना विचारा. मधल्या काळात उजेडात आरसा धरून बोटाने गाल ओढून बघायचं. दोन-तीन आठवडे न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, विनाकारण हललेला दात, तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर, गळ्यात न दुखणारी गाठ. यातलं काही असेल तर पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवायचं, तिथून पुढे पाठवतात.

आणि पुढे पाठवलं, तुकडा तपासून झाला आणि कॅन्सर निघाला, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ऑपरेशन पहिलं की त्याआधी काही औषध, आणि का? ऑपरेशन केव्हा? त्यानंतरचे किरणोपचार केव्हा सुरू होणार? हा तिसरा प्रश्न बाया विसरतात. जखम भरली, घरी आलो, आता जरा आराम करू, असं होतं. किरणोपचार सांगितले असतील तर ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असं डॉक्टर सांगतात, म्हणून त्यांची तारीख ऑपरेशनच्या वेळीच मागून घ्यायची.

रोह्याहून दिव्याची मेमू पकडून परळला जाणार असाल किंवा पेणहून एसटीने पनवेल गाठून पुढे, तर पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि आजवरचे सगळे कागद घ्याच. त्याखेरीज जिथे तुकडा तपासला त्या लॅबमधून काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात तो पुन्हा तपासतात. नुसता कागदी रिपोर्ट घेऊन गेलेल्या बाया ठोकळ्यासाठी परत पेणला आल्या आणि त्यात दहा-बारा दिवस गेले, असं आम्ही पाहिलं आहे. लॅबवाला म्हणतो, “रिपोर्ट दिलाय ना, ते कशाला?” त्याला सांगायचं, लागतं, लिहून सही घ्या आणि द्या. तो देतो.